ओली वेणी

माझ्या हातची वेणी सुटत नाही. हे मी चारचौघींत मान वर करून सांगायचे, कोणी विचारलं नाही तरी सांगायचे. हर्णैला असताना शेजारच्या पोरी शाळेत जायच्या आधी रांग लावून माझ्याकडे यायच्या. ओले केस, चपचपीत तेल, बारीक दातांची फणी आणि कपाळाची कातडी ताणून भुवया वर चढतील अशी आवळलेली वेणी. संध्याकाळपर्यंत एक केस जागचा हलायचा नाही. केस ओले असले की ऐकतात आणि सुकले की माजतात, हे मला माझ्या आईने शिकवलं, तिला तिच्या आईने. कोणी टकली झाली नाही आमच्यात.

पण आमच्या सगळ्यांचे केस सरळ. माझी लेक इक्रा गेली तिच्या बापाच्या घराण्यावर. नावेदचं घर मुरूडचं. त्यांच्या दादीचे केस म्हणे असे बारीक बारीक वळ्यांचे होते की फणी घातली तर फणीचेच दात पडायचे. दादीची कोणी आजी की पणजी जंजिऱ्याच्या सिद्दी घरातली होती. इक्रा जन्मली तेव्हा माझी नणंद, खदिजाआपा, तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "दादी परत आली गं बाई!" सगळे हसले. मीही हसले आणि मनात म्हटलं, मुलीची जात आहे, उद्या लग्नाची होईल, हे केस मी वळणावर आणूनच दाखवीन.

इक्रा आता बारा वर्षांची आहे. आम्ही बहरीनला अरादमध्ये राहतो. नावेद मआमीरच्या एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंगचे सुपरवायझर आहेत. मी अदलियातल्या एका कार्गो ऑफिसात क्लार्क. माझी ड्युटी दोन तुकड्यांत, सकाळी आठ ते एक आणि मग चार ते सात. मधल्या तीन तासांत मला सगळा संसार कोंबायचा असतो.

त्यात इक्राचं पोहणं. आठवड्यातून तीन दिवस शाळा सुटल्यावर शाळेच्याच पूलमध्ये प्रॅक्टिस. पावणेतीनला ती बाहेर येणार आणि साडेतीनला मुहर्रकच्या उस्तानीबाईंकडे कुराणाच्या वर्गाला हजर पाहिजे. स्कार्फशिवाय उस्तानीबाई दारात उभं करत नाहीत, आणि स्कार्फखालून केसाची एक वळी डोकावली तरी वर्गासमोर टोकतात. मग मी काय करायची? शाळेच्या पार्किंगमध्ये गाडीचा एसी लावायचा, मागच्या सीटवर इक्राच्या पाठीशी बसायचं, टोपी काढली की पाणी गळत्या केसांत फणी घालायची, तेल, दोन वेण्या, रबर, वर स्कार्फ, चार पिना. सहा मिनिटं! यल्ला, चल. स्कार्फ संध्याकाळी काढला तरी आत दमट असायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याचा हात फिरवून पुन्हा तेच. वेण्या झाल्या की मी तिची हनुवटी धरून म्हणायची, "माशाल्ला, आता कशी माणसात आली माझी पोर!"

ऑक्टोबरच्या सुरुवातीचा रविवार होता, इथे आठवड्यातला शाळेचा पहिला दिवस. मी डावी वेणी घालायला घेतली आणि बोटाला कानाच्या वर, कपाळाच्या कडेला काहीतरी गुळगुळीत लागलं. खाली वाकून बघितलं तर इथल्या शंभर फिल्सच्या नाण्याएवढी जागा मोकळी. केस नाहीत, नुसती कातडी चकाकतेय.

"हे काय झालं?" मी ओरडलेच. "कधीपासून आहे हे?"

"व्हॉट?" इक्रा म्हणाली. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीतच देते.

"केस कुठे गेले इथले?"

तिने हात लावून बघितला आणि खांदे उडवले. "आय डोन्ट नो." तिला नवीन वाटलं नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण साडेतीन वाजायला आले होते. मी ती जागा झाकली जाईल असे शेजारचे केस ओढून आणले, आणखी आवळून वेणी घातली आणि गाडी काढली.

नावेद घरी आले तेव्हा मी त्यांना चपलाही काढू दिल्या नाहीत. त्यांनी मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं. "पाणी असेल इथलं," ते म्हणाले. "आमच्या वर्कशॉपमध्ये अर्ध्या लोकांचे केस गेलेत."

"ते चाळिशीचे बाप्ये आहेत! ही बारा वर्षांची मुलगी आहे!"

"अगं पण पाणी तेच ना? घाबरू नकोस."

घाबरू नकोस म्हणणं सोपं असतं. मी घाबरले, आणि घाबरले की मी कामाला लागते. न्हाणीच्या नळाला फिल्टर बसवून घेतला. गावाहून येणाऱ्या माणसाकडून घरच्या खोबऱ्याचं तेल मागवलं. कांद्याचा रस काढून लावला, तर पोर दोन दिवस वर्गात एकटीच बसली. खदिजाआपाने मीठ-मिरची ओवाळून नजर काढली आणि जाताना दारात उभी राहून म्हणाली, "नुसरत, बाजूने चांगलंच दिसतंय गं. मोठी झाल्यावर हे असंच राहिलं तर?" राहिलं तर! जणू मला तो विचार सुचलाच नव्हता. मी दार जरा जोरात लावलं.

डॉक्टरीणबाईंकडेही नेलं. त्यांनी रक्त तपासलं, लोह कमी आणि डी व्हिटॅमिन कमी निघालं, ते इथे कोणाचं कमी नसतं? मग त्यांनी विचारलं, "केस फार घट्ट बांधता का?"

"छे हो," मी म्हटलं. "साधी वेणी. नॉर्मल."

माझ्या मते मी खोटं बोलत नव्हते. इक्राने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मग स्वतःच्या बुटांकडे. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या.

घरी येताना गाडीतच माझ्या मनात निकाल लागला होता. पूलच. दुसरं काय असणार? औषध घातलेलं पाणी, तासभर डोकं त्यात. त्या वासानेच माझं डोकं उठायचं.

"आजपासून पोहणं बंद," मी सांगितलं. "खलास."

इक्राने झटकन मान वळवली. "बट अम्मी, माय रिले!"

महिन्याभराने शाळाशाळांची स्पर्धा होती आणि हिची चौघींच्या रिलेत निवड झाली होती. निवड झाली त्या दिवशी पोर घरभर हात फिरवत पाठीवर पोहण्याचं नाटक करत चालली होती आणि फ्रिजला धडकली होती. मला सगळं आठवत होतं. तरी मी म्हटलं, "डोक्यावर केस राहिले नाहीत तर रिले घेऊन काय करशील?"

तिने आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. घरी आल्यावर तिने ओला पोशाख धुतला, वाळत घातला, वाळल्यावर घडी केली, पोहण्याच्या बॅगेत भरला आणि बॅग कपाटात सगळ्यात खाली सरकवून दिली. एवढंच. जेवताना नावेदने विषय काढला तर "इट्स फाइन" म्हणाली.

पोहणं शिकवणाऱ्या हेमा मिसचा फोन आला. बाई आवाजावरूनच नाराज वाटत होती. "मिसेस नुसरत, बाकीच्याही मुली त्याच पाण्यात पोहतात. कोणाला काही झालेलं नाही."

"त्यांचे केस त्यांच्या आया बघतील," मी म्हटलं आणि फोन ठेवला. उद्धटपणाच होता तो, कबूल करते. पण माझा जीव टांगणीला लागला होता आणि तिला पडलं होतं रिलेचं.

आता पोहणं नाही म्हटल्यावर दुपारी मला वेळच वेळ मिळाला. मग मी केसांचा नीट समाचार घेतला. रोज दुपारी घरी डोकं ओलं करायचं, तेल जिरवायचं, बारीक फणीने मुळापासून टोकापर्यंत विंचरायचं. वळ्या अडल्या तर फणी आणखी दाबायची. आणि वेण्या पहिल्यापेक्षा घट्ट, कारण माझ्या डोक्यात असं की घट्ट बांधलेला केस गळणार कुठून? वर लगेच स्कार्फ. दिवसातून दोनदा, पाच आठवडे, एकही दिवस चुकवला नाही. एवढी सेवा मी माझ्या सासूची केली नव्हती.

स्पर्धेचा दिवस त्यातच येऊन गेला. इक्राच्या मैत्रिणीने, लाईबाने, फोटो पाठवला. चौघी टॉवेल गुंडाळून उभ्या, हिच्या जागी दुसरीच मुलगी. चौथा नंबर आला. इक्राने फोटो मला दाखवला आणि फोन परत घेतला. माझ्या मनाला लागलं, पण मी स्वतःला समजावलं की केस वाचतायत ना.

केस वाचत नव्हते. त्याच आठवड्यात डावीकडची जागा मला दोन बोटं रुंद लागली आणि उजवीकडेही, कानाच्या वर, तसंच विरळ दिसायला लागलं. पूल नाही, फिल्टरचं पाणी, गावचं तेल, लोहाच्या गोळ्या, आणि तरी वाढतंय! आता एकच उरलं होतं, आणि ते म्हणजे पोरीला आतून काहीतरी मोठं झालंय. ऑफिसात बसून मी फोनवर आजारांची नावं वाचत राहिले. एक वाचलं की दुसरं त्याहून वाईट. त्या दिवशी मी दम्मामचं पार्सल दोहाच्या यादीत घातलं आणि साहेबांची बोलणी खाल्ली. साहेब काय बोलले ते मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

एक वाजता खाली उतरले. आमच्या ऑफिसच्या गल्लीत एक छोटं लेडीज सलून आहे, तिथे मी भुवया करायला जाते. म्हटलं, निदान एखादं तेल तरी विचारावं. नेहमीची मुलगी जेवायला गेली होती. तिथे होती हलीमा. मोम्बासाची, माझ्याच वयाची, अंगाने भरलेली. इंडियन बायकांत काम करून करून मोडकी हिंदी शिकलेली. मी तिला आधी पाहिलं होतं, पण तिचे केस त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितले. हुबेहूब इक्राचे. आणि कपाळाच्या कडेला भरगच्च, एक जागा रिकामी नाही.

माझ्या पर्समध्ये टिश्यूची पुडी होती. इक्राच्या फणीत येणारे केस मी त्यात जमा करत होते, पुढच्या वेळी डॉक्टरीणबाईंना दाखवायला. ती मी काउंटरवर उघडली. हलीमाने त्यातला एक केस उचलला, खिडकीपाशी नेला, दोन्ही टोकं बघितली. मग दुसरा, मग तिसरा.

"ह्यांना मूळ नाही," ती म्हणाली. "केस गळला तर टोकाला छोटा पांढरा दाणा असतो. इथे नाही. हे गळलेले नाहीत. तोडलेले आहेत."

"तोडलेले? कोण तोडणार?" माझा पारा चढला. "मी तिच्या केसांना जिवापलीकडे जपते, तुला काय माहीत!"

ती चिडली नाही. "मुलीला आण. उद्या, ह्याच वेळेच्या आसपास. डोकं ओलं करून आण, बाकी काही करू नकोस."

जाऊ नये असंच मला वाटत होतं. पण त्या आजारांच्या यादीपेक्षा हलीमा बरी, म्हणून दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर इक्राला घेऊन गेले. सलूनच्याच बेसिनमध्ये डोकं ओलं केलं. हलीमाने इक्राला आरशासमोरच्या खुर्चीत बसवलं, दोन्ही बाजूंच्या जागा बघितल्या, बोटाने हलकेच दाबल्या आणि मला म्हणाली, "तू रोज करतेस तसं कर. मी बघते."

बघच, मी मनात म्हटलं. पर्समधून फणी काढली, इक्राच्या मागे उभी राहिले. भांग पाडला, मुळाशी फणी लावली, ओढली. गाठ अडली, पुन्हा ओढली. तीन पेड धरले, पहिला पीळ मारला आणि सवयीप्रमाणे डोकं माझ्याकडे खेचून घेतलं.

"केसांकडे नको बघू," हलीमा म्हणाली. "समोर बघ."

मी वर बघितलं.

आरशात माझी पोर बसली होती. डोळे घट्ट मिटलेले. खालचा ओठ दातांत धरलेला. खुर्चीचे हात दोन्ही हातांनी असे आवळलेले की बोटांची टोकं पांढरी पडली होती. मानेच्या शिरा वर आल्या होत्या. रडत नव्हती. त्याचंच मला जास्त भय वाटलं. कारण तो चेहरा त्या दिवसाचा नव्हता, सवयीचा होता. दाताच्या डॉक्टरकडे माणूस कसा आधीच तयारीने बसतो, तशी ती बसली होती. किती वर्षं मी तिच्या पाठीशी बसून वेण्या घातल्या, गाडीत, घरात, पलंगावर, आणि एकदाही, एकदाही मी पुढे येऊन तिचं तोंड बघितलं नव्हतं.

माझ्या हातातून पेड सुटले. फणी तिच्या केसांत तशीच अडकून राहिली. या अल्लाह, मी काय करत होते?

हलीमाने फणी अलगद काढली आणि मला बाजूच्या स्टुलावर बसवलं. मग ती बोलत गेली आणि हात चालवत गेली. तिने आधी सुती टी-शर्टने केस नुसते दाबून टिपले, चोळले नाहीत. मग थांबली. चांगली पंधरा मिनिटं काहीच केलं नाही. ओला केस रबरासारखा ताणतो आणि तुटतो, आणि असले केस तर सगळ्यात आधी, ती म्हणाली. गळतं पाणी गेलं, नुसती ओल राहिली, तेव्हा तिने पांढरं क्रीम हातावर घेऊन केसांना लावलं आणि बोटांनी गाठी सोडवल्या, टोकाकडून सुरुवात करून वर वर. फणी घेतली ती मोठ्या, विरळ दातांची, तीही शेवटी.

"वेणी ओल्यात आवळलीस ना," ती म्हणाली, "की आमचे असले केस सुकताना आखडतात. वेणी आणखी आवळते. तू तुझ्या कामाला निघून जातेस. वेणी दिवसभर ओढत राहते. वर स्कार्फ, म्हणजे सुकायलाही चार तास."

"माझ्या आईने अशीच घातली," मी कशीबशी म्हणाले. "तिच्या आईने पण."

"त्यांचे केस तुझ्यासारखे. हिचे माझ्यासारखे."

तिने दोन-दोन पेडांचे सैल पीळ घातले, कपाळाच्या कडेचे केस मोकळे सोडले, टोकाला रबराऐवजी कापडी बँड लावला. पोहायच्या आधी केस साध्या पाण्याने भिजवून हेच क्रीम लावायचं आणि मग टोपी, म्हणजे पूलचं पाणी केस कमी पितात, हेही तिने सांगितलं. पोहण्याने काही होत नव्हतं. इक्रा डोळे उघडून आरशात बघत होती.

"आणि त्या जागा?" मी विचारलं.

हलीमाने उजवीकडे बोट ठेवलं. "इथे बारीक केस दिसतायत. येतील." मग डावीकडे. "ही जुनी आहे. सहा महिने थांब. कदाचित येतील. कदाचित नाही. खोटं सांगणार नाही मी."

मुहर्रकच्या पुलावर गाड्या अडकल्या होत्या. दोन्ही बाजूंना समुद्र आणि पुढे नुसते लाल दिवे. मी स्टीअरिंग धरून समोर बघत होते, कारण बाजूला बघायची माझी हिंमत नव्हती.

"दुखायचं का गं?" मी विचारलं.

"येस."

"खूप?"

"इट वॉज वर्स्ट इन क्लास. व्हेन इट ड्राइड."

म्हणजे उस्तानीबाईंकडे पोर कुराण वाचत बसायची आणि वेणी तिला ओढत राहायची, आणि मी अदलियात बसून पार्सलांच्या याद्या करायची. "मग सांगितलं का नाहीस मला?" मी जवळजवळ ओरडलेच. "तोंड नव्हतं का?"

तिने पिळाच्या टोकाचा कापडी बँड बोटाने फिरवला आणि म्हणाली, "यू वेअर ऑलवेज सो हॅपी व्हेन इट वॉज डन."

मागच्या गाडीने हॉर्न दिला तेव्हा मला कळलं की पुढची रांग हलली आहे. मी गाडी पुढे घेतली. पूल उतरल्यावर कडेला थांबवली आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हटलं, "माफ कर मला. माझ्या हातांनी झालं ते सगळं. पाणी नाही, पोहणं नाही, नजर नाही. मीच." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "ओके, अम्मी." ते ओके तिने मनापासून म्हटलं की मला गप्प करायला, हे मला समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी हेमा मिसला फोन केला. आधीचं बोलणं गिळून माफी मागितली. रिलेतली जागा आता दुसऱ्या मुलीची झाली होती. प्रॅक्टिसला यायला हरकत नाही, पुढची निवड फेब्रुवारीत, त्या म्हणाल्या. उस्तानीबाई म्हणाल्या, साडेतीन म्हणजे साडेतीन. फारच गयावया केल्यावर इक्राला साडेचारच्या वर्गात घालायला तयार झाल्या, सात-आठ वर्षांच्या पोरांबरोबर. मी ऑफिसात पावणेपाचला येईन आणि पावणेआठपर्यंत बसेन असं ठरलं. साहेबांनी भुवया वर केल्या. करोत.

मग सुरू झाली नवीन दुपार. डिसेंबरची हवा लागली होती. शाळेच्या पार्किंगमध्ये गाडीच्या चारही काचा खाली, इक्राच्या खांद्यावर नावेदचा जुना टी-शर्ट. मी केस टिपायची आणि थांबायची. थांबणं मला जमत नाही, माझी बोटं वळवळतात. ओल नुसती हाताला लागेल एवढी उरली की क्रीम, बोटांनी गाठी, मग सैल पीळ. आणि आता मी पाठीशी बसत नव्हते, तिला आडवं बसवून कडेला बसायची, तोंड दिसेल अशी. दर पिळाला विचारायची, "दुखतंय?"

"नो."

"आता?"

"नो."

"खरं सांग."

"नो, अम्मी."

आणि माझा विश्वास बसायचा नाही. कसा बसणार? वर्षानुवर्षं तिला दुखत होतं आणि तिने एक शब्द काढला नव्हता. चेहरा बघावा तर तोही आता सावध झाला होता, मी बघतेय हे कळल्यावर तिने तोही शांत ठेवायला घेतला होता. मी पीळ इतका सैल घालायची की उस्तानीबाईंच्या दारापर्यंत जाताना तो उलगडायचा. डावीकडच्या जागेवर रोज बोट फिरवायची, काही खरखरीत लागतंय का बघायला. काही लागायचं नाही. केस येतील न येतील, ते अल्लाहच्या हातात. पण दुखलं तर माझी मुलगी मला सांगणारच नाही, ही भीती माझ्या छातीत घर करून बसली. उद्या ताप असेल, पोटात दुखत असेल, शाळेत कोणी त्रास देत असेल, तेव्हाही ही अशीच "इट्स फाइन" म्हणून बसेल आणि मी वेणीच घालत राहीन.

दोन आठवडे असेच गेले. मग एका मंगळवारी मला पुलावर अडकून उशीर झाला. इक्रा गेटपाशी थांबलेली होती, केस बरेचसे सुकलेले. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं. मी घाईघाईने सुरुवात केली. क्रीम, गाठी, उजवा पीळ झाला. डावा घेतला आणि मला कळलंही नाही कधी हात जुन्या वळणावर गेले. पेड धरले, आवळले, डोकं माझ्याकडे खेचलं.

"आऽऽ! अम्मी! टू टाइट!"

केवढ्याने ओरडली! गेटवरचा गार्ड मान वळवून बघायला लागला. शेजारच्या गाडीतली बाई काच खाली करून बघायला लागली. इक्राने माझं मनगट पकडलं होतं, नखं रुतली होती, आणि ती माझ्याकडे रागाने बघत होती. खऱ्या, लालबुंद रागाने. एरवी असा आवाज चढवला असता तर मी तिथल्या तिथे एक ठेवून दिली असती.

मी दोन्ही हात वर केले. सगळे पेड सुटून तिच्या कानावर पडले.

"सोडले," मी म्हटलं. "सोडले बघ. अजून ओरड."

"व्हॉट?"

"दुखलं की असंच ओरडायचं. गार्ड बघू दे, सगळं बहरीन बघू दे."

माझे डोळे भरून आले होते आणि मी हसतही होते. तिला काही कळेना, मला वेड लागलंय अशी ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने मनगट सोडलं, पाठ सरळ केली आणि मराठीत म्हणाली, "हळू घाल."

मी मुळापासून पुन्हा सुरुवात केली. वर्गाला उशीर झाला आणि उस्तानीबाई बोलल्या. त्या दहा मिनिटांत इक्रा आणखी दोनदा ओरडली. एकदा तर उगाचच, माझा हात अजून केसांना लागलाही नव्हता. मी दोन्ही वेळा थांबले.